गुरू पारखून करावा

पाणी गाळून प्यावे आणि गुरू पारखून करावा, ही म्हण माळव्यातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी हिंदीतही असते आणि मराठीतही. तिच्यातला पहिला उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळीत आलो. दुसरा मात्र कानांआड केला. शाळा घराजवळची, कॉलेज गुणांवर मिळेल ते, आणि शिक्षक वेळापत्रकात ज्यांचे नाव येईल ते, असा आपला विद्यार्जनाचा क्रम असतो. त्यात वावगे काही नाही; कारण शाळेत किंवा कॉलेजात विद्यार्थ्यावर गुरू निवडण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. परंतु विद्येच्या वाटेवर एक टप्पा असा आहे की, तेथे हा प्रसंग टाळू म्हणता टळत नाही. तो टप्पा म्हणजे पीएच.डी.चे संशोधन. भौतिकशास्त्र घेऊन त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी आपला संशोधन-गट कसा निवडावा, याविषयी आमचे विचार या अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शाळेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. दहावीच्या वर्गातल्या मुलाला त्या टप्प्यावर पोचायला अजून सात-आठ वर्षे आहेत, हे खरे. पण मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाच्या घरी वाढलेल्या मुलाला ज्या गोष्टी जेवणाच्या पानावर ऐकावयास मिळतात, त्या अमझेऱ्यासारख्या गावातल्या मुलाला सांगणारे घरात बहुधा कोणी नसते. मग आयुष्यातला एवढा मोठा निर्णय ऐन वेळी, कोणाच्या तरी ऐकीव माहितीवर, दोन-चार दिवसांत उरकला जातो. म्हणून हा विचार विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या कानी वेळेआधी पडलेला बरा, असे आम्हांस वाटते.

प्रथम संशोधन-गट म्हणजे काय, ते समजून घेऊ. एम.एस्सी.पर्यंत विद्यार्थी जे शिकतो, ते दुसऱ्या कोणी पूर्वीच शोधलेले असते. उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते आणि शिक्षकाला ते ठाऊक असते. पीएच.डी.त नेमके याच्या उलट घडते. प्रश्न असा घ्यावा लागतो की, ज्याचे उत्तर जगात अद्याप कोणालाच माहीत नाही. असे काम एकट्याने करणे कठीण. म्हणून एखाद्या मार्गदर्शक प्राध्यापकाभोवती पाच-दहा माणसांचा मेळा जमतो. त्यात नुकतेच आलेले विद्यार्थी असतात, प्रबंध लिहून होत आलेले असतात, पीएच.डी. होऊन पुढील काम करणारे तरुण संशोधक असतात, यंत्रे सांभाळणारे कुशल कारागीर असतात. हाच संशोधन-गट. नव्या विद्यार्थ्याचे दैनंदिन शिक्षण या गटात होते. यंत्र बिघडले तर कोणास विचारावे, गणित चुकले तर कोण दाखवील, निराशा आली तर कोण धीर देईल, हे सर्व गटावर अवलंबून असते.

आता या निवडीत पणाला काय लागते, ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ वर्षे द्यावी लागतात, आणि प्रवेशापासून ६ वर्षांची मुदत असते. कारण असल्यास ती २ वर्षांनी वाढविता येते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, असा दर ठरला. पण ही अभ्यासवृत्ती एकंदर ५ वर्षांची. म्हणजे काम रेंगाळले तर पैसा आधी संपतो आणि प्रबंध मागाहून होतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आत गेलेला तरुण तिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडतो. घरचे लोक आशेने वाट पाहत असतात. धाकट्या भावंडांची शिक्षणे थांबलेली असतात. गट चांगला लाभला तर ही वर्षे आयुष्यातली सर्वांत फलदायी ठरतात. न लाभला तर बुद्धी असून, कष्ट करून, रित्या हातांनी परतण्याची पाळी येते. आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या कपाळी बसतो.

हा विषय दूरच्या मुलखाचा आहे, असेही कोणी समजू नये. अमझेऱ्याहून धारमार्गे इंदूर गाठावयास शंभर किलोमीटरदेखील पडत नाहीत. आणि त्या इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ साली त्याची कोनशिला बसली. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळात फिरवून त्यांच्यापासून तीव्र क्ष-किरण मिळविणारे 'इंडस-२' हे यंत्र तेथे आहे. त्या वलयाचा परीघ १७२ मीटरांहून थोडा अधिक. महाराष्ट्रातल्या हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वतरंगांची जी वेधशाळा उभारावयाची आहे, तिच्या कामातही या केंद्राचा वाटा आहे. त्याच नगरात देवी अहिल्या विश्वविद्यालय आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना अणुऊर्जा विभागाची मोठी यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून स्थापलेली संस्था आहे. आणि २००९ पासून भारतीय प्रौद्योगिकी संस्थाही आहे. तात्पर्य, संशोधनाचे दार आपल्या माळव्यातच उघडे आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, आत गेल्यावर कोणत्या खोलीत बसावे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, सर्वांत नामांकित संस्था पाहावी, तिच्यातला सर्वांत नामांकित शास्त्रज्ञ पाहावा, आणि सर्वांत गाजणारा विषय घ्यावा. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. आमच्या मते क्रम वेगळा असावा. आधी माणूस, मग त्याच्या गटाची काम करण्याची रीत, मग विषय, आणि सर्वांत शेवटी संस्थेचे नाव. या क्रमाच्या समर्थनार्थ आपल्याच लोकांच्या चरित्रांतले दाखले देतो.

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले आणि काशीत वाढलेले जयंत विष्णू नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले. तेथे गणिताचा अभ्यास पुरा केल्यावर त्यांनी फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन केले व १९६३ साली पीएच.डी. मिळविली. हॉईल हे त्या काळचे गाजलेले शास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे त्याचे स्वरूप सदैव एकसारखेच असते, हा स्थिर-स्थितीचा सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी ते एक होते. १९६१ साली मार्टिन राईल यांनी रेडिओ-स्रोतांच्या मोजणीवरून या सिद्धांतावर जोराचा हल्ला चढविला. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर द्यावयाचे होते, आणि त्या दिवशी हॉईल दुसरीकडे गुंतलेले होते. ते उत्तर देण्याचे काम पडले तरुण विद्यार्थी नारळीकरांवर! ज्या गुरूने आपल्या नवख्या शिष्याला अशा सभेत एकटे उभे राहू दिले, त्याने शिष्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मोठा धडा दिला, असेच म्हटले पाहिजे.

याच हॉईल यांच्याकडे संशोधन करण्याच्या इच्छेने १९६२ साली ऑक्सफर्डहून आणखी एक तरुण केंब्रिजला आला. त्याचे नाव स्टीफन हॉकिंग. पण त्याला हॉईल मिळाले नाहीत. डेनिस शियामा हे मार्गदर्शक वाट्याला आले. हॉकिंग यांनी शियामांचे नाव तोवर ऐकलेही नव्हते, आणि त्यांना प्रथम वाईट वाटले. पुढे मात्र आपल्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवले की, झाले ते बरे झाले. कारण हॉईल वरचेवर परदेशी असत, आणि शियामा केव्हाही भेटत व चर्चा करीत. शियामांच्या हाताखालून हॉकिंग यांच्याप्रमाणेच जॉर्ज एलिस, मार्टिन रीस, ब्रँडन कार्टर असे एकाहून एक शास्त्रज्ञ निघाले. ज्याचे नाव विद्यार्थ्याने ऐकले नव्हते, त्याच्या गटाची ही फळे!

या दोन उदाहरणांतून हॉईल वाईट आणि शियामा चांगले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. नारळीकरांना हॉईल मानवले, हॉकिंग यांना शियामा मानवले. पोहावयास शिकताना एकाला खोल पाण्यात सोडणारा लागतो, दुसऱ्याला कमरेला हात धरणारा लागतो. आपण यांपैकी कोण, हे ज्याचे त्याने ओळखावयाचे असते. म्हणूनच गुरूची पारख ही पहिल्याने स्वतःची पारख असते.

विषयाच्या निवडीसंबंधीही या कथेत एक बोध आहे. १९६५ साली पेंझियास व विल्सन यांच्या शोधाची वार्ता प्रसिद्ध झाली. आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे क्षीण सूक्ष्मतरंग त्यांना सापडले होते, आणि विश्वाच्या तप्त आरंभाची ती खूण मानली गेली. स्थिर-स्थितीच्या सिद्धांताला जगातल्या बहुतेकांनी रजा दिली. पण म्हणून नारळीकरांची केंब्रिजमधली वर्षे फुकट गेली काय? मुळीच नाही. १९७२ साली ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले, आणि १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. मे २०२५ मध्ये ते निवर्तले, तोवर ते प्रस्थापित मतांना प्रश्न विचारीतच होते. विषय मागे पडला, पण विषयाच्या निमित्ताने लागलेली स्वतंत्र विचाराची सवय मागे पडली नाही. आज जो विषय वर्तमानपत्रांत गाजतो, तो तुमचा प्रबंध होईपर्यंत शिळा झालेला असू शकतो. म्हणून विषयाच्या झगमगाटाकडे पाहून गट निवडणे म्हणजे वरातीतल्या बत्त्या पाहून स्थळ पसंत करण्यासारखे आहे.

संस्थेच्या थाटाचीही गोष्ट तीच. नारळीकरांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा अभ्यास त्या काळी भारतात फार थोडे करीत. त्यांत ते अग्रेसर होते. १९४२ साली गुजरातेतला एक तरुण, प्रल्हाद चुनीलाल वैद्य, केवळ त्यांच्याजवळ शिकावे म्हणून काशीस गेला. बरोबर पत्नी व तान्ही मुलगी, आणि खर्चाला गाठीची पुंजी. तेथे ना मोठी प्रयोगशाळा, ना महागडी यंत्रे. एक फळा आणि एक गुरू. काही महिन्यांतच त्या तरुणाने प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे समीकरण सोडविले. १९४३ साली ते प्रसिद्ध झाले, आणि आज साऱ्या जगातल्या ग्रंथांत ते वैद्यांच्या नावाने शिकविले जाते. वैद्यांनी काशी पाहिली नाही, काशीतला माणूस पाहिला.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांचा ओढा सिद्धांताकडे. पण १९४५ साली ते एका नामांकित संस्थेत प्रयोगाच्या कामावर रुजू झाले, आणि त्यांची चार वर्षे निष्फळ गेली. पुढे पुन्हा संशोधनाची जागा मिळाली तेव्हाही त्यांना आवडीचा विषय सोडून धातूंच्या गुणधर्मांवर काम करावे लागले. तशातही त्यांनी सापेक्षतेचा अभ्यास सोडला नाही, आणि १९५५ साली आपले जगप्रसिद्ध समीकरण मांडले. त्यांच्या जिद्दीला आमचे वंदन असो. पण रायचौधुरींसारखी माणसे शतकात थोडी. विरुद्ध दिशेला ओढणाऱ्या जोखडाखाली मान देऊन दोन्ही कामे करण्याची शक्ती सर्वसामान्य विद्यार्थ्याजवळ नसते, आणि ती असावी अशी अपेक्षा धरणेही योग्य नाही.

आता मुलींविषयी दोन शब्द. कमला भागवत, म्हणजे पुढे विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ साली आपल्या इंदुरातच झाला. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून १९३३ साली त्यांनी बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला. तेथील संचालक होते नोबेल पारितोषिक मिळविलेले चंद्रशेखर व्यंकट रामन. केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा एक वर्ष परीक्षेदाखल काम करण्याच्या अपमानास्पद अटीवर त्यांना घेण्यात आले. तेथे त्यांना श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीला कडक, पण मनापासून शिकविणारे. वर्षअखेर कमलाबाईंच्या कामाने संचालकांचे मत बदलले, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे आरंभी डेरेक रिक्टर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. रिक्टर ती जागा सोडून गेले, तेव्हा रॉबिन हिल यांच्याकडे काम पुढे चालविले, आणि वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्याचा शोध लावून १९३९ साली पीएच.डी. मिळविली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालिका झाल्या.

कमलाबाईंचा विषय जीवरसायनाचा होता, तरी त्यांच्या चरित्रातून भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीने घेण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. थोर शास्त्रज्ञ हा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी थोर गुरू असतोच असे नाही, ही पहिली. एकाच संस्थेत दार लावणारा एक असतो आणि हात धरून शिकविणारा दुसरा असतो, ही दुसरी. आणि गुरू मध्येच निघून गेला तरी काम थांबत नाही, शेजारच्या गटाचे दार ठोठावता येते, ही तिसरी. आज दार लावण्याची रीत बदलली आहे. कोणी उघडपणे नाही म्हणत नाही. पण ज्या गटात एकही मुलगी टिकलेली नाही, तेथे कारण काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मुलीला व तिच्या पालकांना आहे. २०२२ च्या नियमांनी स्त्री-विद्यार्थ्यांना मुदतीत आणखी २ वर्षांची सवलत व २४० दिवसांपर्यंत प्रसूतिरजा दिली आहे. हे हक्क मार्गदर्शक आनंदाने मानतात की कपाळाला आठ्या घालून, एवढे आधी कळले तरी पुष्कळ.

मग पारख करावी कशी? आमच्या मते मार्गदर्शकाला भेटण्यापूर्वी त्याच्या विद्यार्थ्यांना भेटावे. आणि तेही प्रयोगशाळेबाहेर, चहाच्या टपरीवर. त्यांना साधे प्रश्न विचारावेत. गेल्या दहा वर्षांत या गटात किती जण आले आणि किती जण प्रबंध पुरा करून गेले? त्यांना किती वर्षे लागली? ते आज कोठे आहेत? मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात? प्रयोग फसला तर ते काय म्हणतात? शोधनिबंधावर काम करणाऱ्याचे नाव पहिले येते की नाही? बहिणीच्या लग्नाला चार दिवस गावी जायचे म्हटले तर मिळतात का? या प्रश्नांची उत्तरे देताना जर तो विद्यार्थी इकडेतिकडे पाहू लागला, तर त्याचे पाहणे हेच उत्तर समजावे.

प्रयोगाचा विषय असेल तर यंत्रे डोळ्यांनी पाहावीत. यंत्र आहे आणि यंत्र चालू आहे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. निर्वात पंप बंद पडलेला, द्रव हेलियमचा पुरवठा अनियमित, आणि सुटे भाग परदेशाहून यावयाचे, अशा प्रयोगशाळेत वर्ष कसे निघून जाते ते कळत नाही. येथे मात्र संस्थेच्या नावाला व साधनसंपत्तीला अधिक वजन द्यावे लागते, हे आम्ही मान्य करतो. तरीही लहान विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही. इंदूरच्या 'इंडस-२'सारख्या यंत्रावर बाहेरच्या संशोधकांनाही प्रस्ताव पाहून वेळ दिला जातो. मार्गदर्शक असा प्रस्ताव वेळेवर लिहिणारा असला म्हणजे झाले!

नियमही वाचून ठेवावेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. अनेक विद्यापीठांत प्रवेशाच्या वेळीच मार्गदर्शक ठरतो. टाटा संस्थेत किंवा आयुकात मात्र पहिल्या वर्षी अभ्यासक्रम असतो व मार्गदर्शक मागाहून ठरतो. ज्याला अजून स्वतःचा कल उमगलेला नाही, त्याने हा फरक ध्यानात घ्यावा.

शेवटी मार्गदर्शकाला पत्र लिहावे. आपल्या अमझेऱ्याची आख्यायिका अशी की, येथल्या अमका-झमका देवीच्या मंदिरातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले. विदर्भातले कौंडिण्यपूरही हाच मान सांगते. तो वाद आपण बाजूला ठेवू. दोन्हीकडची कथा एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. रुक्मिणी दुसऱ्याने ठरविलेल्या वराची वाट पाहत बसली नाही. तिने नीट विचार केला आणि स्वतः पत्र पाठविले. ज्या गावाला अशी कथा लाभली, तेथल्या मुलांनी पत्र लिहिण्यास संकोच का करावा? पत्र थोडक्यात असावे. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नये. त्या प्राध्यापकाचा एखादा निबंध खरोखर वाचावा, त्यातले काय कळले आणि काय कळले नाही ते प्रांजळपणे लिहावे. उत्तर न आले तर पंधरवड्याने एक स्मरणपत्र पाठवावे. उत्तर कसे येते, यावरूनही माणूस कळतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, गुरूची चौकशी करणे हा उद्धटपणा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. चौकशी आधी आणि निष्ठा नंतर, हा क्रम आहे. जो पारखून गुरू करतो तोच पुढे अडचणीच्या काळी त्याच्याजवळ टिकतो; जो डोळे मिटून करतो तो डोळे उघडताच पळतो. शिवाय चांगल्या गुरूला असे प्रश्न आवडतात; कारण प्रश्न विचारणे हाच तर त्याचा व्यवसाय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जागा थोड्या, इच्छुक फार. मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, निवड कसली करता? हे दुःख खरे आहे. पण ज्याच्यापुढे एकच जागा आहे, त्यालाही तिच्यात काय आहे ते आधी कळलेले बरे. आणि ज्याने दोन परीक्षा अधिक दिल्या, चार पत्रे अधिक लिहिली, त्याच्यापुढे बहुधा एकाहून अधिक जागा येतात. सर्वच दारे वाईट दिसली तर एक वर्ष थांबणे हेही पाप नव्हे. चुकीच्या गटात काढलेल्या पाच वर्षांपुढे ते एक वर्ष स्वस्त आहे. तसेच गट जमला नाही तर पहिल्या वर्षी बदलणे यात लाज नाही. चौथ्या वर्षापर्यंत कुढत बसण्यात मात्र हानी आहे.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.ला जातो म्हणाली, की आपण लगेच विचारतो, "कोणत्या संस्थेत?" त्याऐवजी "कोणाजवळ?" असे विचारावे, आणि "त्यांच्याजवळ आधी शिकलेल्यांना भेटलास का?" असे पुढे विचारावे. विज्ञान न शिकलेल्या आईलाही हे दोन प्रश्न विचारता येतात, आणि त्यांच्या उत्तरांवरून निर्णय बरा की वाईट हे तिला कळते. कारण माणसांची पारख हा विषय तिने कोणत्याही प्राध्यापकाहून अधिक शिकलेला असतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, या पारखीचा सराव तुम्हांस आजपासूनच करता येईल. वर्गात न समजलेली गोष्ट विचारा. शिक्षक "मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो" असे म्हणाले, तर त्यांना मनोमन नमस्कार करा. कारण चांगल्या गुरूची ती पहिली खूण आहे. कोणाजवळ बसले म्हणजे आपली बुद्धी उमलते आणि कोणाजवळ बसले म्हणजे मिटते, हे लक्षात ठेवीत जा. वयाच्या तेविसाव्या वर्षी तुम्ही निवडीच्या उंबरठ्यावर उभे राहाल, तेव्हा ही लहानपणाची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेहून तुमच्या अधिक उपयोगी पडेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.